हॉल नको, असं शाळाच म्हणते तेव्हा

ताई,

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला, नगर जिल्ह्यातल्या पठारावरचा. वडील सहा महिने ऊसतोडीला, सहा महिने घरी. पाचवीला मला मिशनच्या बोर्डिंगमध्ये ठेवलं ते दोन वेळचं जेवण तरी मिळेल म्हणून. १९८२ ते ८८, सहा वर्षं तिथे काढली. आमचं घर माळकरी. माझ्या गळ्यात माळ होती आणि ती काढ असं तिथे कधी कोणी म्हटलं नाही. रेक्टर फादरांनी फी माफ केली, दहावीनंतर आयटीआयचा फॉर्मही स्वतः भरला. शाळेमागे पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप होतं. तिथले स्विस ब्रदर आम्हाला दुपारी कानस चालवायला शिकवायचे. लोखंडाचा तुकडा घासून सपाट करायचा, ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचा गुण्या, लावून उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड आला की ब्रदर काही न बोलता तुकडा परत व्हाइसमध्ये, लोखंड घट्ट धरणाऱ्या पकडीत, अडकवायचे. माझ्या पहिल्या तुकड्याला अकरा दिवस लागले. ब्रदर २००१ मध्ये गेले. मला महिन्यानंतर कळलं.

आज चाकणला माझा गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. दीडशे माणसं आहेत. साठ आमच्या पटावर, बाकी कंत्राटदाराची. फादरांच्या नावाने शाळेला ४० लाखांचा हॉल बांधून द्यायचं ठरवलं, आर्किटेक्टकडून नकाशा करून घेतला आणि गेलो. आता तिथे एक सिस्टर मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी चहा दिला, नकाशा पाहिला आणि म्हणाल्या, "हॉल नको आहे हो आम्हाला." तीन महिने झाले, मी परत गेलो नाही. फादर पुण्यात वृद्ध फादरांच्या घरात असतात, माणसं ओळखत नाहीत. मेहुणे म्हणतात, ख्रिश्चनांच्या शाळेला कशाला, गावच्या देवळाला दे. धाकटा भाऊ म्हणतो, एकदाचं देऊन टाक, ऋण फेड आणि मोकळा हो. बॅचचा ग्रुप स्नेहमेळाव्याचं घेऊन बसलाय. पैसे दुसऱ्या एखाद्या शाळेला द्यावेत का?

– एक माजी बोर्डर, चाकण

प्रिय माजी बोर्डर,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना सिस्टरांचा रागच आला. चाळीस लाख घेऊन आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने नाही, भरल्या हाताने परत पाठवायचं म्हणजे काय! दुसऱ्यांदा त्यांनी दिलेला चहा दिसला. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की तुम्ही त्यांचं एकच वाक्य लिहिलंय. "हॉल नको आहे हो आम्हाला." आपल्याकडे असा 'हो' लावून नकार दिला, की बोलणं संपत नाही, तिथून सुरू होतं. पुढे त्या काहीतरी म्हणाल्याच असणार. तुम्ही तेव्हा नकाशाची गुंडाळी करत होतात.

मी बावीस वर्षं एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात काढली आहेत. देणगीच्या पावत्या माझ्याच हाताने फाडल्या. त्यामुळे देणारी माणसं कशी येतात हे मी जवळून पाहिलंय, आणि तुमच्यासारखी बरीच पाहिली आहेत. चांगली माणसं. डोळ्यांत पाणी घेऊन येतात, हातात नकाशा घेऊन येतात. एका वर्षी परदेशी स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने वीस कॉम्प्युटर पाठवले. आमची इमारत जुनी, वायरिंग इतकं जुनं की पंखा आणि ट्यूब एकदम लावली की फ्यूज उडायचा. खोकी खोलीत गेली, खोलीला कुलूप लागलं. बाहेर संगमरवरी पाटी मात्र पहिल्याच आठवड्यात लागली. शिपाईमामा ती रोज पुसायचे, कारण पाटीवरची धूळ येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. दीड वर्षाने खोकी उघडली तेव्हा दोन उंदीर आणि त्यांचं कुटुंब आतून बाहेर पडलं. वायरिंगला तेव्हा साठेक हजार लागले असते. पण वायरिंगवर कोणाचं नाव कोरता येत नाही, आणि मागायची आम्हालाही लाज वाटली. त्या लाजेत माझाही वाटा होता.

तुमच्या सिस्टरांनी ती लाज बाजूला ठेवली. 'धन्यवाद' म्हणून हॉल बांधून घेणं त्यांना सोपं होतं. नंतर त्याची वीज, रंग, गळती, झाडलोट हे सगळं त्यांच्या गळ्यात पडलं असतं आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागला नसता. त्यांनी तुम्हाला खरं सांगितलं. खरं आपण घरच्याला सांगतो; पाहुण्याला 'छान आहे' म्हणतो.

आता त्यांना काय हवं असेल? मला त्या शाळेतलं ठाऊक नाही, तेव्हा तुम्हीच विचारायला हवं. पण मराठी माध्यमाची अनुदानित शाळा असेल, तर गाडं कुठे अडतं हे मी डोळे मिटून सांगू शकते. शिक्षकांचा पगार सरकारकडून येतो, पण किती शिक्षक हे संचमान्यतेत, म्हणजे पदांच्या सरकारी मंजुरीत, ठरतं, आणि संचमान्यता पटावर. आजूबाजूला इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बस फिरायला लागल्या की पट घसरतो, पट घसरला की शिक्षक 'अतिरिक्त' ठरून दुसरीकडे जातात. वेतनेतर अनुदान येईल तेव्हा खरं. आणि शिपाई? डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणी पदं माणूस निवृत्त झाला की संपायला लागली. त्याजागी ठोक शिपाई भत्ता. ग्रामीण भागातल्या शाळेसाठी तो ठरला महिन्याला पाच हजार रुपये. पाच हजारात घंटा वाजवायची, शौचालयं धुवायची, टाकी भरायची, टपाल पंचायत समितीत पोचवायचं आणि मधल्या सुट्टीत डोकं फुटलेल्या पोराला दवाखान्यात न्यायचं. करून दाखवावं कोणीतरी.

तुमचे चाळीस लाख बँकेत ठेवले आणि व्याज सात टक्के धरलं, तर वर्षाला दोन लाख ऐंशी हजार होतात. महिन्याला तेवीस हजारांच्या वर. त्यात भत्त्याला भर घालून एक माणूस नीट पगारावर राहतो, शिवाय विजेचं बिल आणि शौचालयाची निगा. मुलींसाठी स्वच्छ शौचालय आणि भरलेली पाण्याची टाकी असली, तर आठवी-नववीतल्या किती मुली त्या चार दिवसांत घरी बसायच्या थांबतात, हे कोणत्याही सिस्टरांना विचारा. उद्घाटनाला यात फीत कापण्यासारखं काही नाही, हे मला कळतं.

असं द्यायचं असेल तर ते 'कॉर्पस' म्हणून द्या, म्हणजे मुद्दल तसंच राहील आणि व्याज वापरलं जाईल. देताना तसं लेखी द्या. नुसतं 'शाळेला देणगी' लिहिलंत तर रक्कम चालू खर्चात जमा होऊ शकते, आणि मग दोष कोणाचाच नसतो. पैसे कोणाच्या नावाने जातात तेही पाहा. शाळा एकाची, जागा दुसऱ्याची आणि नोंदणीकृत संस्था तिसरीच, असं मिशनच्या कामात असू शकतं. तुम्ही नववी संपवून दहावीत जात होतात, त्याच मे महिन्यात, १९८७ साली, पुण्याच्या धर्मप्रांतातून नाशिकचा वेगळा धर्मप्रांत निघाला आणि नगर जिल्हा तिकडे गेला. तुमच्या वेळचं लेटरहेड आज चालेलच असं नाही. आपण ज्याला ८०जी म्हणतो ती करसवलत फक्त जुन्या करपद्धतीत मिळते, त्यालाही उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा आहे, आणि दोन हजारांच्या वर रोख दिलं तर मिळत नाही. संस्थेकडून करसवलतीसाठी लागणारं देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या. बाकीचं तुमचे सीए सांगतील. तुमच्या बॅचमधला कोणी अमेरिकेचा नागरिक झाला असेल आणि त्याला भर घालायची असेल, तर त्याचा पैसा कायद्याने परदेशी देणगी ठरतो; संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगी घेण्याची, नोंदणी नसेल तर त्याच्याकडून एक रुपयाही घेऊ नका म्हणावं. भारतीय पासपोर्टवाल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेलं त्यात मोडत नाही. या एका फरकापायी चांगल्या संस्था अडचणीत येऊ शकतात.

पैशाचं झालं. आता मला जे खरं लिहायचंय ते.

तुमच्या पत्रात फादर पुन्हा पुन्हा येतात. फादरांनी फी माफ केली, फादरांनी फॉर्म भरला, फादरांच्या नावाने हॉल. ब्रदर येतात ते एकाच ठिकाणी, पण ते आले की तुमचं पत्र बदलतं. कानस येते, व्हाइस येतो, फटीतून उजेड येतो. अकरा दिवस येतात! छत्तीस वर्षांहून जास्त काळ लोटला तरी तुम्हाला तो आकडा पाठ आहे. आणि लगेच पुढचं वाक्य, 'मला महिन्यानंतर कळलं.' हॉलला नाव फादरांचं द्यायचं ठरवलंत, पण पोटात दुखतंय ते ब्रदरांसाठी, असं मला वाटतं. चुकत असेन तर पत्र लिहून रागवा.

स्विस ब्रदर म्हणजे तुमचं मिशन जेझुइटांचं असणार, इग्नेशियस लोयोलांनी काढलेल्या कॅथलिक संघाचं. त्यांच्यात ब्रदर म्हणजे पुरोहित नसलेले व्रतस्थ. ते मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, देत नाहीत, त्यांच्या नावाने सहसा हॉल होत नाहीत. कोणी स्वयंपाकघर सांभाळतं, कोणी शेती, कोणी सुतारकाम, कोणी वर्कशॉप. नगर जिल्ह्यात आधी जर्मन जेझुइट होते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना शत्रूदेशाचे म्हणून नजरकैदेत टाकलं, परत पाठवलं, आणि पुढे स्विस आले. त्यातलेच एक फादर हर्मन बाखर. गावोगाव 'बाखरबाबा' म्हणून ओळखले जायचे. आले मिशनरी म्हणून, आणि आयुष्य गेलं माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवण्यात. १९९३ मध्ये निघालेल्या 'वॉटर' या पाणलोटाच्या संस्थेमागे ते होते. ज्यांचं नाव आपल्याला आता सांगता येतं असे ते थोडे. बाकीचे तुमच्या ब्रदरांसारखे, मिशनच्या कबरस्थानात ओळीने झोपलेले, डोक्याशी नाव आणि दोन तारखा.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, लोक कबरी झाडतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. त्या दिवशी जा. चाकणहून नाशिक रस्त्याने निघालात तर नारायणगावला चहा होईल. तुमची माळ गळ्यात असू द्या. ती तिथे कोणाला खुपली नाही, आताही खुपणार नाही. ब्रदरांना सांगायला तुम्हाला कोणी मध्यस्थ लागणार नाही.

मेहुण्यांचं म्हणाल, तर त्यांच्याशी वाद घालू नका. सहा वर्षं मिशनचं जेवण जेवून तुम्ही माळकरीच राहिलात. याहून मोठा पुरावा तुम्ही त्यांना कोणता देणार? देवळाला द्यायचं असेल तर देवळालाही द्या, ते त्या पैशांतून कापून घेऊ नका म्हणजे झालं. आणि धाकट्या भावाला सांगा, की ऋण फेडायला सावकार लागतो. त्या शाळेने तुमच्या नावावर काही मांडून ठेवलेलं नाही. फी माफ केली म्हणजे माफच केली. तुम्ही चाळीस लाख देऊन ती फी 'भरायला' गेलात, तर फादरांनी केलेलं रद्दच होईल की! आपल्याकडे ऋणात राहणं हे पूर्वी चांगलं समजत असत. 'मी आपल्या ऋणातच राहू इच्छितो' हे वाक्य आभाराच्या भाषणात इतकं गुळगुळीत झालंय, की त्यात काही अर्थ होता हे आपण विसरलोय.

आता एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला थोडी टोचेल.

३१ जुलै १९७३. इग्नेशियस लोयोलांचा सण. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात जेझुइट शाळांच्या युरोपातल्या माजी विद्यार्थ्यांचं संमेलन भरलं होतं. चांगले स्थिरावलेले, सुखवस्तू लोक. समोर बोलायला संघाचे मुख्य, फादर पेद्रो अरुपे. हा बास्क माणूस ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमाच्या वेशीवरच्या मठात होता. वैद्यकीचं थोडं शिक्षण झालेलं, त्याच्या जोरावर त्याने मठाचं इस्पितळ केलं आणि भाजलेल्या माणसांच्या जखमा धुतल्या. अशा माणसाकडून संमेलनात काय अपेक्षा असते? शाळेच्या आठवणी, थोडं कौतुक, थोडा निधी. अरुपे उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, की आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का? आणि स्वतःच उत्तर दिलं, प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही. आमच्या शाळांतून बाहेर पडणारी माणसं इतरांसाठी जगणारी असायला हवीत, असं ते म्हणाले. कित्येक माजी विद्यार्थ्यांना ते झोंबलं. पण तेव्हापासून जगभरच्या जेझुइट शाळांत 'इतरांसाठी माणसं' हे शब्द भिंतीवर दिसतात. तुमच्या शाळेतही कुठेतरी असतील, शुभवर्तमानाच्या वचनांच्या शेजारी.

मला त्या भाषणातलं आवडतं ते हे, की संघाच्या प्रमुखाने माजी विद्यार्थ्यांना 'आम्हाला काय देणार' असं विचारलंच नाही. तुम्ही तुमच्या जागी कसे वागता, एवढंच विचारलं. तेव्हा मीही विचारते. दीडशे माणसं, साठ पटावर. उरलेली नव्वद? त्यांचा भविष्यनिर्वाह निधी कंत्राटदार भरतो का, का नुसती स्लिप दाखवतो? त्यातला एखादा परवा बोटं अडकून दवाखान्यात गेला, तर ईएसआयचं, कामगार विम्याचं, कार्ड त्याच्या खिशात असेल का? कायद्यानेही कंत्राटदाराने नाही भरलं तर जबाबदारी शेवटी मूळ मालकावर येते, हे तुम्हाला ठाऊक असणारच. मी हिशेब मागत नाहीये. पण त्या नव्वदांत ऊसतोडीच्या घरातून आलेली किती असतील? ब्रदर तुमच्या कारखान्यात आले असते, तर ते ऑफिसात बसले असते असं वाटतं तुम्हाला? मला वाटतं, ते सरळ शॉपवर गेले असते, तुकडा उचलला असता आणि उजेडासमोर धरला असता.

हे लिहून मी दोन दिवस पत्र बाजूला ठेवलं होतं. काढून टाकावं असं मनात आलं. सल्ला मागणाऱ्याला उलट प्रश्न विचारायची आमच्या पिढीला खोड आहे. पण राहू दे.

आणि याच टोकाला तुमच्या हातात एक अशी गोष्ट आहे, जी सिस्टरांकडे नाही, धर्मप्रांताकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच नाही. शिकाऊ उमेदवार. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्याला ते घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. दीडशेवर म्हणजे चारपासून बावीसपर्यंत. तुम्ही आज बहुधा चारच घेत असाल, कायद्यापुरते, तेही एजन्सीने पाठवलेले. बावीसपर्यंतच्या त्या जागांतल्या चार-पाच दर वर्षी त्या शाळेतून दहावी होऊन आयटीआय केलेल्या मुलामुलींसाठी ठेवल्यात तर? मुलींसाठी मुद्दाम लिहितेय. सीएनसीवर, संगणकावर चालणाऱ्या मशिनवर, मुली उत्तम काम करतात हे चाकणमध्ये मी तुम्हाला सांगायला नको. राहण्याची सोय मात्र आधी बघा. पठारावरची पोर भोसरी-चाकणच्या खोल्यांमध्ये एकटी राहायची म्हटल्यावर बापाची छाती धडधडते, आणि तिथेच सगळं फिसकटतं. चाळीसातले काही लाख त्या सोयीला लागले तरी चालतील, व्याज थोडं कमी येईल. निवड करताना धर्म, जात, कोणाची चिठ्ठी यातलं काही बघू नका. तुम्हाला घेताना तिकडे बघितलं नव्हतं.

ते पत्र्याचं शेड अजून उभं आहे का, हेही विचारा. असलं तर महिन्यातून एक शनिवार द्या. स्वतः जा. सुपरवायझरला पाठवू नका, बॅनर लावू नका, फोटोग्राफर नेऊ नका. आठवी-नववीची दहा पोरं घ्या, दहा कानशी, दहा तुकडे. पहिल्या शनिवारी पोरं मोबाइल बघतील. दुसऱ्या शनिवारी चार येतील. त्या चारांतलं एक सहा महिन्यांनी तुम्हाला विचारेल, सर, अजून किती घासायचं? तेव्हा तुम्हाला बोलायचा मोह होईल. तुकडा परत व्हाइसमध्ये अडकवा.

स्नेहमेळाव्याबद्दल थोडक्यात. करा, मजा येते. डीजे नको एवढंच. शेजारी चर्चमध्ये संध्याकाळची प्रार्थना असते. आणि गुरुजनांना शाल-श्रीफळ हे प्रकरण आवरा हो. माझी एक मैत्रीण शिक्षिका म्हणून निवृत्त झाली, तिच्या कपाटात अशा एकतीस शाली आहेत, एकही पांघरण्यालायक नाही. त्याऐवजी बॅचमधल्या एकेकाने एकेका जुन्या शिक्षकाला वर्षातून दोनदा डॉक्टरकडे न्यायचं घ्यावं. ग्रुपवर टाकून बघा, किती अंगठे येतात.

फादर राहिले. ते ओळखत नाहीत म्हणून तुम्ही जायचं टाळताय, हे पत्रात लिहिलेलं नाही, पण दिसतंय. मी माझ्या आईच्या शेवटच्या तीन वर्षांत शिकले ते सांगते. 'ओळखलंत का मला?' असं विचारायचं नाही. तो परीक्षेचा प्रश्न असतो, आणि परीक्षा घ्यायची वेळ आता त्यांची नाही. जाऊन शेजारी बसा. नाव एकदा सांगा, गावाचं नाव सांगा, आणि गप्प राहा. सकाळी दहाच्या सुमाराला गेलात तर माणूस ताजा असतो. दुपारनंतर गोंधळ वाढतो. फळं नेण्याआधी तिथल्या सिस्टरला किंवा नर्सला विचारा, साखर असेल. बोर्डिंगमध्ये तुम्ही जे गीत मिस्साला गायचात ते आठवत असेल तर गुणगुणा. नावं जातात, पण चाली बऱ्याचदा राहतात. त्यांनी तुमच्याबरोबर एखादी ओळ म्हटली तर म्हटली. नाही म्हटली तरी तास बसा. हॉलचा नकाशा त्यांना दाखवू नका.

आता लगेच करायचं ते. सिस्टरांना फोन करा. तीन महिने अबोला धरल्यासारखं झालंय, तेव्हा सुरुवात अवघड जाईल. 'सिस्टर, मागच्या वेळी चहा घाईत घेतला' एवढं म्हणा, त्यांना कळेल. शाळा भरायच्या अर्धा तास आधी पोचा आणि फाटकापाशी उभे राहा. नकाशा घरी ठेवा, चेकबुकही. प्रार्थनेची घंटा कोण वाजवतं ते बघा. शिपाई वाजवत असेल तर ठीक. एखादी शिक्षिका खडूची पेटी काखेत धरून पळत येऊन वाजवत असेल, किंवा नववीतलं एखादं पोरगं, तर सिस्टरांना पहिला प्रश्न तोच विचारा. मग त्या बोलतील, आणि या वेळी वही उघडून बसा.

तुमची,
ताई